ऑगस्टचं पोर

चिरंजीव २४ ऑगस्टला पाच पूर्ण करतील. टेक्सासमध्ये १ सप्टेंबरपर्यंत पाच झाली की मुलाला किंडरगार्टनमध्ये घेतात, म्हणजे आमचा वर्गात जवळजवळ शेंडेफळच. शेजारी बसणारी सप्टेंबरातली मुलगी वर्षभरानं मोठी असेल. न्यूयॉर्क शहरात हीच रेघ ३१ डिसेंबरला आहे; तिथं तो मधल्यांत मोडला असता!

एक वर्ष थांबावं का? सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कशाला वर्ष फुकट घालवतेस त्याचं?" मला मात्र २०१८चं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधलं संशोधन छळतंय. १ सप्टेंबरची अट असलेल्या राज्यांत ऑगस्टच्या मुलांमध्ये एडीएचडीच्या निदानाचं प्रमाण सप्टेंबरवाल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त होतं. नुसतं लहान असणंच आजार ठरावं?

पण थांबायचं तर पाळणाघराची आणखी वर्षभराची फी. थांबणं ही ज्याला परवडते त्याची चैन. सरकारी शाळा फुकट आहे, आणि पठ्ठ्या पाट्या वाचत सुटलाय. पाळणाघरात कंटाळेल.

नाव घालतेय. बुटाची नाडी अजून बांधता येत नाही, तेवढे वेल्क्रोचे बूट आणायला हवेत.