तीन मिनिटांचे चित्रण

आशिया-पॅसिफिकच्या प्रसारण संस्थांची रोबोकॉन ही विद्यार्थ्यांची यंत्रमानव स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. २४ ऑगस्ट २०१४ रोजी ती पुण्याच्या बालेवाडीत भरली. यजमान होते दूरदर्शन. सामना अवघा तीन मिनिटांचा.

त्याच स्पर्धेच्या देशपातळीवरील एका फेरीचे थेट प्रक्षेपण बोईसरच्या एका व्यापारी घरात संगणकावर चालू होते. चिरंजीवांचा संघ मैदानात, आणि आई पडद्यावरचे सारे नोंदवून ठेवत होती. यंत्र सुरुवातीलाच अडले. दोष आला पालघरच्या मित्रावर. कळ त्याने उशिरा दाबली म्हणे. नेमक्या त्या क्षणी अधिकृत कॅमेरा प्रतिस्पर्ध्यांवर होता. दिग्दर्शकाचेही चुकले असे नाही, एका वेळी एकच चित्र दाखवता येते.

वडील तारापूरच्या कारखान्यांना लोखंडी माल पुरवतात. ते म्हणाले, "खतावणीत नोंद सापडत नसेल तर रोजमेळ पाहावा." मग चित्रण पुन्हा लावले, या वेळी कोपऱ्यातील घड्याळाकडे लक्ष ठेवून. शिट्टीनंतर दोनच सेकंदांनी चित्र परतले, तेव्हा यंत्र रेषेच्या हातभर पुढे होते. कळ वेळेवर दाबली गेली होती. पट्टा त्यानंतर निसटला.

रात्री साडेअकराला चिरंजीवांनी पालघरला फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणी उचलला नाही.