आजीचा खलबत्ता, आत्याची कवळी

डोंबिवलीत बैठ्या चाळी होत्या, विहिरींना पाणी होतं, तेव्हा दात घासण्याचा कार्यक्रम उघड्यावर चालायचा. मोरीच्या कट्ट्यावर राखुंडी, शेजारी माकडछाप काळी पावडर, पुढे व्हिको वज्रदंती. व्हिकोचा कारखाना आमच्याच एमआयडीसीत, म्हणून तो डबा घरचा वाटायचा. आजीला यातलं काहीच लागत नसे. तिच्या तोंडाचं केव्हाच बोळकं झालेलं. ती बोटाने हिरड्या चोळायची, चूळ भरायची, झालं.

तिच्या उशाशी छोटा पितळी खलबत्ता असायचा. दुपारची जेवणं आटपली की आम्हा नातवंडांपैकी कुणीतरी पान, कात, चुना आणि अडकित्त्याने कातरलेली सुपारी त्यात कुटायचं. चमच्याने तो लगदा तिला भरवायचा. भरवताना तोंडात नजर जायचीच. “आजी, इथे लाल झालंय गं,” हे आम्ही पोरंच आईला सांगायचो. मग मीठपाण्याच्या गुळण्या, दोन दिवस पान बंद, गुरगुट्या भात आणि मेतकूट. तिची भाकरी दुधात कुस्करून वेगळी काढली जायची. हे मुद्दाम कुणी करतंय असं वाटायचंही नाही.

ते सगळं चांगलंच होतं असं मात्र मी म्हणणार नाही. चाळीतल्या कितीतरी बायका मशेरी लावायच्या आणि त्या तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दात दुखला की लवंगेचं तेल, नाही थांबला की उपटायचा. कवळी करायची तर लोकलने व्हीटी गाठायची, सेंट जॉर्जच्या आवारातल्या सरकारी डेंटल कॉलेजात. मापाला एकदा, मेणाच्या साच्याला एकदा, बसवायला एकदा, टोचते म्हणून पुन्हा. आजी म्हणाली, मला नको. ती तशीच गेली.

आता डोंबिवलीत गल्लीगल्लीत डेंटिस्ट आहेत आणि इम्प्लांटच्या पाट्या आहेत. घोडबंदर रोडपासून टिटवाळा-बदलापूरपर्यंत वृद्धाश्रमही झालेत. माझी आत्या अशाच एका ठिकाणी आहे. तिला पार्किन्सन्स. जागा स्वच्छ आहे, माणसं मायेची आहेत, पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकवलेला असतो. बीपी, शुगर, डायपर, कूस बदलली, सगळ्याची नोंद. तोंडाचा रकानाच नव्हता.

आत्या जेवत नाही म्हणून तिचं जेवण मिक्सरमधून काढायला लागले होते. मी कवळी काढून पाहिली. ती टाळूला चिकटलेली होती. खाली पांढरट बुरशी, टाळू लालभडक, कडेला वाळलेली शितं. किती दिवस ती रात्रीही निघाली नसेल, देव जाणे. आत्याची भूक गेली नव्हती, तिला घास टोचत होता. हात थरथरतो, ब्रश गालावर जातो, गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि लाज वाटते म्हणून ती बोलत नाही. नर्सिंग ब्युरोकडून आलेल्या मावशी म्हणाल्या, “आजी तोंड उघडतच नाहीत हो. आणि चावल्या तर?” त्यांचं खरं होतं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

तोंड म्हणजे किरकोळ गोष्ट, असं आपण धरून चाललोय. जपानमध्ये ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक अभ्यास झाला. एका गटाचं तोंड रोज जेवणानंतर साफ केलं गेलं, आठवड्यातून एकदा गरजेप्रमाणे दंतवैद्यांकडून दातांची सफाई झाली. दुसऱ्या गटाचं नेहमीसारखं चाललं. दुसऱ्या गटात शंभरातल्या १९ जणांना न्यूमोनिया झाला, पहिल्यात ११ जणांना. तोंडातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात, आणि ज्यांना नीट गिळता येत नाही त्यांच्यात जास्तच.

आपल्याकडे २०१६च्या दिव्यांग कायद्यात पार्किन्सन्स आहे. २०१७ला सुरू झालेल्या केंद्राच्या वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना काठी, चष्म्याबरोबर कवळीही मिळते. ती रोज रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवणारं माणूस मात्र या योजनेत मिळत नाही. आजीकडे ते माणूस होतं, आठ-दहा वर्षांचं, खलबत्ता घेऊन बसलेलं.

आत्यासाठी एक डेंटिस्टबाई वृद्धाश्रमात येऊन गेल्या. बुरशीवर औषध दिलं. मावशींना दाखवलं: समोरून नाही, बाजूने उभं राहायचं, हनुवटीला हात द्यायचा, आधी ओठांना ओलं बोट लावायचं, मग मऊ ब्रश. कवळी धुताना खाली पाण्याचं घमेलं, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. डबीवर नाव, नाहीतर एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात जाते. सकाळी अंघोळींची घाई असते, म्हणून हे काम रात्रपाळीकडे गेलं, आणि तक्त्यावर पेनाने एक रकाना वाढला. आत्या परवा उपमा जेवली, मिक्सरशिवाय. रविवारी रात्री बदली मावशी येतात. त्यांना अजून कुणी दाखवलेलं नाही. या रविवारी मी जाणार आहे.