कापूस विकला की बघू

विमा एजंटाला चुकवण्याचं एक शास्त्र जालन्यात होतं आणि त्याचे पहिले धडे पोरांना मिळत. दारात लुना थांबली, काखेत रेक्झिनची बॅग मारलेले काका उतरले, की ‘बाबा घरी नाहीत’ हे वाक्य न हसता म्हणायचं. काका पोराकडे बघतच नसत. त्यांची नजर आधी उंबऱ्याशी काढलेल्या चपलांवर जाई. मग ‘बरं, वहिनींच्या हातचा चहा तरी घेऊन जातो’ म्हणत ते ओसरीवर बैठक मारत. आतल्या खोलीत अडकलेले बाबा खोकलासुद्धा दाबून धरत.

अशा काकांची संख्या जालन्यात वाढली ती जिल्हा झाल्यावर. १ मे १९८१ ला औरंगाबादेतून आणि परभणीतून तालुके काढून जालना जिल्हा केला. जिल्हा परिषद आली, नवी कार्यालयं आली, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेणारी माणसं आली. तोवर ‘जालना सोने का पालना’ म्हणवणारं हे गाव व्यापाऱ्यांचं. सरकी, डाळ, बियाणं आणि पुढे लोखंड. व्यापाऱ्याचं म्हणणं एकच, पैसा धंद्यात फिरला पाहिजे. तो वीस वर्षं कागदात कशाला कोंडायचा? पगारदाराला मात्र फिरवायला धंदा नव्हता. हप्ता परस्पर पगारातून कापून घेण्याची सोय झाली आणि शिक्षक, एसटीचे वाहक, तलाठी एकेक करून काकांच्या डायरीत गेले.

विकायला माल एकच होता. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा रेडिओवरून केली. तेव्हा जालना हैदराबाद राज्यात होतं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला देशातल्या २४५ कंपन्या नि संस्थांची मिळून एक एलआयसी झाली. पुढची चाळीसएक वर्षं देशभर तोच विमा नि त्याच हप्त्याला. त्यामुळे पॉलिसी कोणती घ्यायची यापेक्षा ती कोणाकडून घ्यायची, हाच प्रश्न असे. मेव्हण्याकडून घेतली तर हेडमास्तरांच्या सौभाग्यवतींना राग, कारण एजन्सी त्यांच्या नावावर आणि फिरायचे हेडमास्तर.

काकांना आमच्याबद्दल जे ठाऊक असे ते आम्हालाही नसे. मराठवाड्यात शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून ही जन्मतारीख लिहीत. विम्यात तेव्हा वय धरायचं ते जवळच्या वाढदिवसाचं. वाढदिवसाला सहा महिने उलटले की वय कागदावर एका वर्षाने पुढे सरके आणि हप्ता वाढे. म्हणजे नोव्हेंबर संपला की आमच्या अख्ख्या गल्लीचं वय एकदमच वाढायचं! दिवाळीनंतर काकांची लुना चौखूर उधळे ती त्यामुळे. ‘भाऊसाहेब, आठ दिवसांत सही करा, नाहीतर जन्मभर जास्तीचा हप्ता बसंल.’ त्यात धमकी होती, पण ती खरी होती.

नाही म्हणायची रीतही ठरलेली होती. तोंडावर ‘नको’ कोणीच म्हणत नसे. गावाकडून उत्तर येई, ‘कापूस फेडरेशनचा चेक आला की बघू’, किंवा ‘कापूस विकला की बघू’. हा नकार आहे हे काकांना कळे, आणि त्यांना कळलंय हे आम्हालाही कळे. मग ते उठत, डिसेंबरात डायरी नि कॅलेंडर देऊन जात. त्या डायरीत आईने कितीतरी वर्षं दुधाचा हिशोब लिहिला.

काकांना संत करायचं काही कारण नाही. कायद्याने एजंटाला पहिल्या वर्षी हप्त्याच्या ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन घेता येई, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, नंतर पाच. त्या ३५ टक्क्यांच्या ओढीने गरज नसलेल्या पॉलिस्या गळ्यात पडल्या. ‘पहिला हप्ता मी भरतो’ म्हणणारे काही जण होते. १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमात या सवलतीला मनाई आहे, पण ते कलम ओसरीवर कोण वाचणार? घरच्या कर्त्या माणसाला पुरेल एवढा विमा फार थोड्यांचा होता. पॉलिसी म्हणजे मुलीच्या लग्नाला येणारी रक्कम, असाच समज होता आणि तो काकांनीच करून दिला होता.

तरी एक गोष्ट होती. प्रपोजल फॉर्मसोबत एजंटाला एक गोपनीय अहवाल भरून द्यावा लागे. या माणसाला किती वर्षं ओळखता, नात्यातला आहे का, प्रकृती कशी दिसते, मिळकत किती. म्हणजे विकण्याआधी ओळखायला हवं, आणि ओळखतो हे लिहून द्यायला हवं. शिवाय जाफराबादला किंवा मंठ्याला जाऊन नुसता नकार घेऊन यायचं म्हणजे पदरचं पेट्रोल आणि अख्खा दिवस. म्हणून कोणाच्या मागे किती लागायचं याला मर्यादा पडे. हप्ता थकला तर पॉलिसी बंद पडण्याआधी हेच काका स्वतः भरून टाकत नि सवडीने वसूल करत. त्यांचे पाच टक्केही त्यात अडकलेले असत. आणि घरात कोणी गेलं, तर दहावं-तेरावं उरकल्यावर क्लेमचे कागद घेऊन तेच येत.

१९९९ चा विमा नियामक कायदा झाला, २००० पासून खासगी कंपन्या आल्या आणि काकांची जागा हळूहळू इनबॉक्सने घेतली. कुठेतरी ‘हप्ता किती बसेल ते बघा’ असं दिसतं, आपण कुतूहलाने वय, फोन नि ईमेल टाकतो, आणि तिथून पुढे आपण गिऱ्हाईक नसतो, ‘लीड’ असतो. मग ‘प्रिय ग्राहक’ सुरू होतं. ‘शेवटची संधी’ दर आठवड्याला येते. १ जूनला मला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा पूर येतो. माझा जन्म पोळ्याच्या सुमाराचा. काकांना ते माहीत होतं.

फुकट पाठवता येणारी गोष्ट किती पाठवतील याला धरबंद नसतो. पहिला असा ठोक मेल मे १९७८ मध्ये अमेरिकेत गेला, संगणक विकण्यासाठी, सुमारे चारशे पत्त्यांवर. लोक संतापले, पण त्यातून काही विक्री झाली, आणि तिथेच पुढचं सगळं ठरलं. आपल्याकडे १९०९ वर नोंद करून नको असलेले फोन नि एसएमएस अडवता येतात. ईमेलला ती नोंद लागू नाही. रोज पाच हजारांहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून जाहिरातींच्या मेलमध्ये एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली, ती मोठ्या कंपन्यांपुरती कामाची. स्वतःच्या खात्यावरून मेल टाकणारा एजंट त्यातून सुटतो. अनोळखी मेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’वर बोट ठेवलं तर पत्ता जिवंत असल्याची पावतीच मिळते, असा मेल सरळ स्पॅममध्ये टाकलेला बरा. विमा नियामकाच्या नावाने बोनसचा मेल आला तर तो बेशक फसवणुकीचा समजावा, कारण आयआरडीएआय पॉलिस्या विकत नाही. सही करून बसलातच, तर पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येते. ही मुदत बाबांच्या पिढीला मिळायला हवी होती.

यातले बरेच मेल अशा पत्त्यावरून येतात की उलट उत्तर कुठेच पोचत नाही. मागच्या हिवाळ्यात मात्र एका रिलेशनशिप मॅनेजरच्या मेलखाली खरा पत्ता दिसला. मला राहवलं नाही. घरच्या रीतीप्रमाणे लिहिलं, ‘नमस्कार. कापूस विकला की बघू.’ क्षणात छापील उत्तर आलं: आपण दाखवलेल्या स्वारस्याबद्दल आभार, आमचे प्रतिनिधी लवकरच संपर्क साधतील.

साधला. दूर कुठल्यातरी कॉल सेंटरमधून एक मुलगी अदबीने विचारत होती, ‘सर, आपने कॉटन के लिए इन्क्वायरी की थी? फसल बीमा तो हम नहीं करते, लेकिन सर, आपके लिए एक टर्म प्लान है.’