बायबरी येथील विणकरांची आळी

इंग्लंडांत ग्लॉस्टरशायर परगण्यांत कोल्न नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं बायबरी हें खेडें वसलें आहे. विल्यम मॉरिस यानें त्यास इंग्लंडांतील सर्वांत सुंदर खेडें म्हटलें होतें. आम्ही गेल्या उन्हाळ्यांत तें पाहून आलों. परंतु वाचकांस सांगावयाचें तें तेथील आर्लिंग्टन रो या एकाच आळीविषयीं.

ही आळी मुळांत घरांची नव्हेच. इ. स. १३८० च्या सुमारास मठाची लोकर सांठविण्यासाठीं बांधलेलें हें लांबलचक कोठार होय. सतराव्या शतकांत त्याचीं विणकरांसाठीं बिऱ्हाडें केलीं. एका छपराखालीं इतकीं दारें कां, याचा उलगडा यानें होतो.

दगड चुनखडीचा, मधाच्या रंगाचा. खाणींतून निघतांना मऊ आणि हवा लागल्यावर कठीण होणारा. आमच्या जांभ्याचा स्वभावही असाच. छपरावर मातीचीं कौलें नसून दगडाच्याच पातळ चिपा आहेत. त्या करण्याची जुनी रीत मोठी मौजेची. खणून काढलेले दगड ओले ठेवून हिंवाळाभर उघड्यावर पसरीत. आंतील पाणी गोठून फुगे व थर आपोआप सुटत. छिन्नीस दुष्कर असें काम थंडीकडून फुकट करून घेतलें! मग प्रत्येक चिपेस भोंक पाडून ओकच्या खुंटीनें ती लांकडी पट्टीवर अडकवीत. वळचणीस सर्वांत मोठी चीप, आढ्याकडे लहान होत गेलेली. आणि दर मापास गवंड्यांच्या बोलींत निराळें नांव. चिपा खडबडीत, एकमेकींवर नीट न बसणाऱ्या. म्हणून पाणी रेंगाळूं नये यासाठीं उतार फार खडा ठेवावा लागे. जें आम्ही शोभा म्हणून वाखाणतों, तें बहुतेक असें गरजेंतून जन्मलेलें असतें.

समोर रॅक आयल नांवाचें पाणथळ कुरण आहे. तेथें चौकटींवर कापड वाळत घालीत. धुण्याकुटण्याचें काम जवळच्या आर्लिंग्टन गिरणींत पाण्याच्या चाकावर चाले. पुढें यंत्रांनीं हा धंदा बुडविला. तें दुःख आमच्या कोष्ट्यांस निराळें समजावून सांगावयास नको.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हीं घरें जीर्ण झालीं होतीं. १९२९ च्या सुमारास रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेनें तीं वांचविण्यास पुढाकार घेतला. १९४९ पासून तीं नॅशनल ट्रस्टकडे आहेत. १९३० च्या सुमारास हेन्री फोर्ड यानें जवळच्या चेडवर्थ गांवचें असलेंच एक घर उतरवून, दगडांवर आंकडे घालून, अमेरिकेंत मिशिगन येथें नेऊन पुन्हा उभें केलें. घर शाबूत राहिलें खरें. पण नदी, कुरण आणि शेजार कोणत्या पेटींत भरून न्यावे?

बायबरीच्या आळींत मात्र आजही भाडेकरू नांदतात. दारें ठेंगणीं, खिडक्या लहान. आणि बाहेर दिवसभर आमच्यासारख्यांची वर्दळ. एका खिडकीशीं बटाटे सोलीत बसलेल्या बाईनें, आमच्यापैकीं एकानें कॅमेरा उचलतांच, उठून पडदा ओढून घेतला. आम्ही दगडी साकवावरून मुकाट्यानें पलीकडे गेलों.