मीटरवर न येणारी ऊर्जा

कुटुंबाच्या ऊर्जावापराचा हिशेब करताना विजेबरोबरच स्वयंपाकाचा गॅस किंवा लाकूड, गाडीत भरलेले पेट्रोल आणि विकत घेतलेल्या वस्तू तयार होताना जळलेले इंधनही धरावे लागते. उत्पन्नातील तफावत या प्रत्येक बाबीत वेगळ्या प्रमाणात उमटते. ठाण्याच्या वर्तकनगर परिसरात ती जवळून पाहता येते. म्हाडाची जुनी वसाहत, पोलिसांची निवासस्थाने, पोखरण रस्त्यालगतचे टॉवर, लोकमान्यनगर-सावरकरनगरकडच्या चाळी आणि वर येऊरच्या जंगलातले आदिवासी पाडे असे सगळे थर इथे काही किलोमीटरांत नांदतात.

सर्वांत खालच्या थरात ऊर्जा कमी वापरली जाते हा समज अर्धाच खरा आहे. तीन दगडांच्या चुलीत लाकडातल्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्यापर्यंत पोहोचते, गॅसच्या शेगडीत निम्म्याहून अधिक. म्हणजे तोच भात शिजवायला चुलीवर कितीतरी जास्त ऊर्जा जाळावी लागते. शिवाय मोळी आणण्याचे कष्ट आणि धूर बाईच्या वाट्याला येतात, ते कोणत्याच हिशेबात धरले जात नाहीत. जगात आजही दोन अब्जांहून अधिक लोकांचा स्वयंपाक लाकूड, शेणी, कोळसा अशा इंधनांवर होतो. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांत गॅसजोडणी पोहोचवली, ही मोठी गोष्ट आहे. परंतु १४.२ किलोची टाकी पुन्हा भरून घेताना पैसे एकरकमी द्यावे लागतात आणि रोजंदारीवरच्या घरात नेमकी तीच रक्कम एका वेळी हाताशी नसते. त्यामुळे अनेक घरांत चूल आणि शेगडी बरोबरच नांदतात. उत्पन्न वाढले की माणूस जुने इंधन सोडून नव्यावर जातो, हे पाठ्यपुस्तकातले चित्र प्रत्यक्षात असे पायरीपायरीने घडत नाही.

विजेच्या बाबतीत विषमता अधिक गुंतागुंतीची आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. कमी वापरणाऱ्याला स्वस्त वीज मिळावी, हा हेतू योग्यच आहे. पण ही रचना एका मीटरमागे एक कुटुंब धरून चालते. एक पंखा, दोन एलईडी दिवे, दूरदर्शन संच आणि लहान फ्रीज असलेल्या खोलीचा महिन्याचा वापर साधारण ७० ते ८० युनिट होतो. अशा तीन भाडेकरूंच्या खोल्या घरमालकाच्या एकाच मीटरवर असल्या, तर एकत्रित वापर २०० युनिटच्या वर जातो आणि वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. घरमालक सबमीटर बसवून प्रतियुनिट ठरावीक रक्कम घेतो आणि ती सहसा सर्वांत खालच्या टप्प्याच्या दरापेक्षा जास्तच असते. उलट टॉवरमध्ये एकट्याने राहणारी, दिवसभर बाहेर असणारी व्यक्ती १०० युनिटच्या आत राहून सवलतीचा दर मिळवू शकते. गरिबासाठी आखलेली सवलत गरिबापर्यंत न पोहोचण्याचे हे कारण साधे आहे आणि म्हणूनच ते दुर्लक्षित राहू नये.

उकाड्याने ही दरी रुंदावते. ७५ वॅटचा पंखा १३ तास चालला की एक युनिट होते. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट घेतो, म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे महिन्याला २४० ते ३६० युनिट. वर सांगितलेल्या तीनही खोल्यांच्या एकत्रित वापराएवढी किंवा त्याहून जास्त वीज एका शयनगृहाच्या गारव्यात जाते. पत्र्याखालची खोली स्लॅबच्या घरापेक्षा अधिक तापते, तरी तिथे पंख्यावरच भागवावे लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार अमेरिका आणि जपानमधल्या ९० टक्क्यांहून अधिक घरांत एसी होता, तर जगातल्या सर्वांत उष्ण प्रदेशांतल्या २.८ अब्ज लोकांपैकी अवघ्या ८ टक्क्यांकडे.

ऊर्जावापर केवळ मिळकतीवर ठरत नाही, इमारतही तो ठरवते. म्हाडाच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींचा पुनर्विकास होऊन उंच इमारत उभी राहिली की त्याच रहिवाशाला त्याच पगारात लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातले दिवे यांचा खर्च उचलावा लागतो. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च सर्व सदस्यांत सारखा वाटला जातो. निवृत्त शिपायाचा वाटा आणि मोठ्या पगारदाराचा वाटा त्यात एकच.

सर्वांत मोठी तफावत मात्र रस्त्यावर आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटइतकी ऊर्जा असते. लिटरमागे १५ किलोमीटर देणारी मोटार रोज ३० किलोमीटर चालली, तर महिन्याच्या २५ दिवसांत ४५० युनिटइतके इंधन जळते. पेट्रोलची उष्णता आणि वीज यांची सरळ तुलना करता येत नाही हे खरे, पण प्रमाण ध्यानात येते. महापालिका परिवहनच्या बसने ठाणे स्टेशन गाठून लोकल पकडणाऱ्याच्या वाट्याला याचा अगदी लहान अंश येतो. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये ८६ देशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात खालच्या निम्म्या लोकसंख्येचा एकूण ऊर्जेतला वाटा २० टक्क्यांहून कमी आढळला, वरच्या ५ टक्के लोकांच्या वाट्यापेक्षाही कमी. वाहनाच्या इंधनात सर्वांत श्रीमंत १० टक्के लोक सर्वांत गरीब १० टक्क्यांच्या तुलनेत सुमारे १८७ पट ऊर्जा वापरत होते. उत्पन्न वाढते तेव्हा घरातली वीज आणि उष्णता त्यापेक्षा सावकाश वाढते. मोटार आणि सहली मात्र उत्पन्नापेक्षाही वेगाने.

म्हणून केवळ वीजबिल पाहणाऱ्याला विषमता आहे त्याहून कमी दिसते. ही विषमता कमी करायची, तर चांगल्या जगण्याला मुळात ऊर्जा किती लागते हे पाहावे लागते. याचे उत्तर बंगळुरूचे अमूल्य रेड्डी यांनी तीन परदेशी सहकाऱ्यांसह १९८५ मध्येच मांडले होते: कार्यक्षम साधने असतील, तर माणशी एक किलोवॅटमध्ये मूलभूत गरजा भागून वर बरेच उरते.

सरकारी मदत मात्र मीटरपाशीच थांबते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली सूर्यघर योजना तीन किलोवॅटपर्यंतच्या सौर संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देते; सोसायट्यांच्या सामायिक वापरासाठीही त्यात तरतूद आहे. छप्पर ज्याच्या नावावर आहे त्याला तिचा लाभ घेता येतो. भाड्याच्या खोलीत सबमीटरवर जगणारे कुटुंब या योजनेतही मीटरच्या बाहेरच राहते. त्याला स्वतंत्र जोडणी देणे हे अनुदानाच्या आधीचे काम आहे.