स्टेपनी नसलेली गाडी

"चार टायरचे चौदाशे डॉलर," काउंटरवरचा मुलगा म्हणाला आणि मी उगाचच फोन काढून काहीतरी बघितल्यासारखं केलं. मनात गुणाकार चालू होता. अमेरिकेत बारा वर्षं काढली तरी ही सवय जात नाही. लाखाच्या वर, नुसते टायर! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

कोंबडी म्हणजे २००२ सालची शेव्हरोले कॉर्व्हेट, सी-५. ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, ३५० हॉर्सपॉवर. नवी होती तेव्हा श्रीमंतांची, आता मिशिगनमधल्या माझ्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यात आलेली. जुन्या स्पोर्ट्स कारची गंमत अशी, की गाडीची किंमत उतरते, टायरची उतरत नाही. पुढे २४५/४५ झेडआर १७, मागे २७५/४० झेडआर १८. मागची चाकं मोठी आणि रुंद, त्यामुळे पुढचे टायर मागे टाकून झीज वाटून घ्यायची सोय नाही. शिवाय कंपनीने ही गाडी विकली ती रनफ्लॅट टायरवर. हवा गेली तरी बेताच्या वेगाने काही मैल चालतात ते. म्हणून गाडीत स्टेपनीच नाही.

गाडी घेतली तेव्हा टायर कोरे दिसत होते. आधीच्या मालकाने ती फक्त उन्हाळ्यातल्या रविवारी बाहेर काढलेली. मी खाचांत नाणं घालून बघितलं आणि खूश झालो. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते वाचायचं राहिलं. ऑक्टोबरच्या शेवटी, पावसात, हायवेवरून खाली उतरणाऱ्या वळणावर गाडीचा मागचा भाग एकदम बाहेर निघाला. वेग जेमतेम ताशी चाळीस मैल. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने चाकांना आपोआप ब्रेक लावले, मी स्टिअरिंग उलटं फिरवलं, आणि कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी सरळ झाली. शेजारी बायको होती. घर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. गॅरेजमध्ये मोबाईलच्या उजेडात मी ते आकडे वाचले. टायर अकरा वर्षांचे होते. नख रुतेना, लाकूड झालेलं. त्यात ते उन्हाळी. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली असं रबर नवं असलं तरी आखडतं.

म्हणून दुकानात आलो होतो. चौदाशेचे रनफ्लॅट नको म्हटल्यावर त्या मुलाने दुसरे दोन पर्याय दाखवले. सहाशे वीसचे, नाव कधी न ऐकलेले, ट्रेडवेअर ५००. आणि नऊशे चाळीसचे, 'अल्ट्रा हाय परफॉर्मन्स ऑल-सीझन' म्हणतात ते, ट्रेडवेअर त्याच्या आसपासच. हा आकडा म्हणजे १०० धरलेल्या एका ठरावीक टायरच्या तुलनेत किती टिकेल याचा अंदाज. तो कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यात फारसा अर्थ नाही. ट्रॅक्शनचा दर्जाही ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक मारून ठरतो. माझी गाडी वळणावर सुटली होती. बाजूवर 'डब्ल्यू' लिहिलंय, म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत चालेल. आमच्या हायवेवर मर्यादा सत्तर मैलांची. खरेदी वेगाची करायचीच नव्हती, ओल्या वळणाची करायची होती.

तरीही मोह सुटेना. नऊशे चाळीसवालेच, पण दोनच घेतले तर? पुढचे वर्षभर ढकलू. रात्री अण्णांना फोन लावला. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर विभागात. आंबा घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला असेल, हिशेब नाही.

"दोनच घालायची तर म्होरं घाल," ते म्हणाले. "मागं रिमोल्ड चालतंय."

त्यांच्या बसला ते खरंच होतं. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. मागे जोडचाकं, एक गेलं तर दुसरं सांभाळून घेतं. दुकानातला मुलगा मात्र बरोबर उलटं सांगत होता: दोनच घेणार असाल तर मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि पाय काढला की सहसा सावरते. मागची घसरली की गाडी भोवऱ्यासारखी फिरते. इंजिनाची सगळी ताकद मागच्याच चाकांना देणाऱ्या गाडीत तर जास्तच. मी अण्णांना हे समजावलं, आणि समजावताना आतापर्यंत लपवलेली ती पावसातली गोष्टही तोंडातून निघून गेली.

पलीकडे थोडा वेळ शांतता.

"सूनबाई हुती गाडीत?"

"होती."

"मग चारीच्या चारी घाल. किती का पैसं जाईनात."

चारही घातले, नऊशे चाळीसचे. पैसे रनफ्लॅटमध्ये वाचवले आणि वर्षातले चार महिने सोडून दिले. ऑल-सीझन म्हटलं तरी रुंद चाकांवर हे टायर मिशिगनच्या बर्फात नेण्यात शहाणपण नाही. डिसेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये कव्हरखाली. पुढच्या पावसात मी मुद्दाम त्याच वळणावरून उतरलो, तीस मैलांनी. काहीच झालं नाही. बायकोने तरी दाराचं हँडल सोडलं नाही.

नव्या टायरांचा फोटो अण्णांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून बघितला असणार, कारण दहा मिनिटांनी फोन आला.

"स्टेपनी दिसंना रं कुठं?"

"अण्णा, या गाडीला स्टेपनी नसते. पंक्चरचं किट ठेवलंय, हवा भरायचा छोटा पंपपण घेतलाय."

"बिनस्टेपनीची गाडी?" ते म्हणाले. मग फोन तसाच चालू ठेवून आत आईला ओरडून सांगायला लागले, "आगं ऐकलंस का, ह्यानं बिनस्टेपनीची गाडी घेतलीया."