हिंगण्यास नेलेली पेटी

ज्याला प्रवासवर्णन म्हणावें असा हा प्रवास नव्हे. काशी-रामेश्वर तर राहोच, पण रामटेकच्या यात्रेइतकी शिदोरीही त्यास लागली नाहीं. नागपुराहून हिंगणा नैर्ऋत्येस उणापुरा पांच कोसांवर. रिक्षानें जावयास पाऊण तास पुरे. असें असूनही हें वर्णन लिहावेंसें वाटलें याचें कारण एवढेंच, कीं ही पाऊण तासाची वाट चालावयास मला चाळीस वर्षें लागलीं. आणि अखेर गेलों तो एकटा नव्हे, तर एक लोखंडी पेटी बरोबर घेऊन.

ही पेटी माझ्या दादाची. तो माझ्याहून दहा वर्षांनीं मोठा. मॅट्रिक होतांच त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत फिटरचें काम शिकण्याचें ठरविलें, तेव्हां आमच्या घरावर सुतकाची कळा आली होती. वडील पंचांग पाहणारे, चुलते वैदिक. त्या घरचा मुलगा तेलकट कपड्यांनीं परत यावा ही गोष्ट कोणाच्याच गळीं उतरेना. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें. पुढें हिंगण्याच्या रस्त्यावर त्याची वसाहत उभी राहिली. तींतील एका कारखान्यांत दादा १९७० सालीं लागला. तो कारखाना बंद पडल्यावर १९८५ सालीं त्यानें हिंगणा गांवाबाहेर ट्रक व ट्रॅक्टर दुरुस्तीचें स्वतःचें दुकान थाटलें. सकाळीं जाई तो रात्रीं येई. एखादे वेळीं हत्यारांची पेटी घरीं आणावी लागली, तर ती ओसरीवरच राही. माजघरांत तिला प्रवेश नसे. हा नियम कोणीं घातला होता तें आतां आठवत नाहीं. तो मोडावा असें मलाही कधीं वाटलें नाहीं, हें मात्र आठवतें.

गेल्या मार्गशीर्षांत दादा गेला. पुढें दोन महिन्यांनीं एक भंगारवाला दारीं आला. ओसरीवरची पेटी त्यानें न विचारतांच कांट्यावर ठेवली; बावीस किलो भरली. लोखंडाच्या भावानें तो हिशेब करूं लागला तशा वहिनी आंतून बाहेर आल्या व म्हणाल्या, “भाऊजी, हें विकायचें नाहीं. हिंगण्याला ह्यांच्या हाताखालीं तयार झालेला मिस्त्री आहे. दुकान आतां तोच चालवतो. तुम्ही स्वतः नेऊन त्याच्या हातांत द्या.” माझ्या पोथ्या कोणीं अशा कांट्यावर घातल्या असत्या तर मला काय वाटलें असतें, तें त्या क्षणीं प्रथम माझ्या ध्यानांत आलें.

फाल्गुनांतील एका सकाळीं रिक्षा करून निघालों. सुभाषनगर मागें पडल्यावर हिंगण्याचा रस्ता रुंद होतो. डोक्यावरून मेट्रोचा पूल बराच वेळ सोबत करतो. सीताबर्डीहून लोकमान्यनगरास जाणारी ही गाडी २०२० च्या जानेवारींत सुरू झाली. वाटेंत केंद्रीय राखीव पोलीस दलाची छावणी, महिंद्रांचा ट्रॅक्टरचा कारखाना, लहानमोठ्या कारखान्यांच्या भिंती, वानाडोंगरीच्या बाजूस अभियांत्रिकी महाविद्यालयें, आणि या सर्वांच्या मधून न संपणारी मालमोटारींची रांग. श्रीनगरहून कन्याकुमारीस आणि सुरतेकडून कलकत्त्यास जाणारे मोठे रस्ते नागपुरास एकमेकांस छेदतात, त्यामुळें देशांतील मालमोटारींचें येथें पूर्वीपासूनच ठाणें. त्यांत याच हिंगणा तालुक्यांतील शिवमडका गांवापासून मुंबईकडे जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघाला. त्याचा शिर्डीपर्यंतचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं व शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं वाहतुकीस खुला झाला. रस्ता मोठा झाला म्हणून चाकें निखळावयाचीं थांबत नाहींत. आणि निखळलेलें चाक बसविणारा माणूस कोठें तरी रस्त्याच्या कडेला बसलेला असावाच लागतो.

हिंगण्याचें नांव ऐकलें कीं माझ्या मनांत हिंगणाचें झाड उभें राहतें. हिंगण म्हणजे संस्कृतांतील इंगुदी. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत ज्या खुणांवरून आश्रमाची हद्द ओळखतो, त्यांत इंगुदीचीं फळें फोडून फोडून तुळतुळीत झालेले दगड ही एक खूण आहे. हा भाग वर्गांत शिकवितांना ‘आश्रमाच्या शांततेचें वर्णन’ एवढें सांगून मी पुढें जात असें. ते दगड म्हणजे तापसांचीं हत्यारें होत, आणि त्यांच्या तेलकटपणावरूनच येथें कोणी राबत आहे हें राजानें जाणलें, ही गोष्ट मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं दादाच्या दुकानाच्या दारांत सुचली. कारण तेथील जमीन चाळीस वर्षांच्या तेलानें काळीभोर व गुळगुळीत झाली होती.

पत्र्याचें छप्पर, कडेला एक बाभूळ, आणि मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेलीं हत्यारें. प्रत्येक हत्यारामागें त्याची आकृति पांढऱ्या रंगानें रेखलेली होती. ही योजना दादाची. सायंकाळीं एखादी आकृति रिकामी दिसली, तर तें हत्यार सांपडेपर्यंत कोणीं घरीं जावयाचें नाहीं. कारण इंजिनांत विसरलेला एक पाना सबंध इंजिनाचा घात करूं शकतो. आमच्या शाळेंत हजेरीपट इतक्या काटेकोरपणें भरला जात असे असें मी म्हणूं शकत नाहीं.

मिस्त्री पन्नाशीचा. “या गुरुजी,” म्हणून त्यानें पेटी दोन्ही हातांनीं उतरवून घेतली, धुतलेलें पोतें अंथरलें व एकेक वस्तु काढून मांडूं लागला.

प्रथम निघाले दुतोंडी पाने. त्यांचें तोंड दांडीशीं सरळ नसून किंचित् वांकडें होतें. घडणावळींतच कांहीं चूक झाली असावी असें वाटून मीं विचारलें, तेव्हां तो हंसला. तो वांक मुद्दाम पंधरा अंशांचा ठेवलेला असतो. षट्कोनी नट साठ अंश फिरला कीं पुन्हां पहिल्यासारखा दिसतो. पण इंजिनाच्या अडचणींत दांडी साठ अंश फिरवावयास जागा कोठली? अशा वेळीं पाना तीस अंश फिरवावा, काढावा, उलटा करावा. तो पुन्हां नटावर नीट बसतो. अर्ध्या जागेंत पुरें काम. मीं इतकीं वर्षें व्याकरण शिकविलें, पण लाघव म्हणजे काय याचें इतकें चोख उदाहरण मला कधीं देतां आलें नव्हतें.

पान्यांचे संच दोन होते, एक इंचांचा व दुसरा मिलिमीटरचा. दशमान मापांचा कायदा १९५६ सालीं झाला, तरी इंचांच्या मापानें घडलेल्या जुन्या जीपगाड्या व यंत्रें पुढें कितीतरी वर्षें रस्त्यावर होतीं. पाऊण इंचाच्या नटाला एकोणीस मिलिमीटरचा पाना खुशाल चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. परंतु अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना लावला तर ०.३ मिलिमीटरची फट राहते, आणि जोर देतांच नटाचे कोपरे झडतात.

“वस्ताद म्हनत,” मिस्त्री म्हणाला, “नटाचे कोने गेले का नट मेला. मंग त्याले कोनताच पाना नाही धरत.”

नंतर कानशी निघाल्या, प्रत्येकीला स्वतंत्र फडकें. कानस पुढें ढकलतांनाच कापते; मागें आणतांना ती हलकेच उचलावी, तशीच ओढली तर दांते बोथटतात. त्यामागून हातोडी आली. तिचा दांडा धावड्याचा. मुठीच्या जागीं, अंगठा टेकतो तेथें, एक उथळ खळगा पडला होता. मीं त्यांत माझा अंगठा ठेवून पाहिला. तो कोठल्या कोठें राहिला. दादाचा हात माझ्याहून एवढा रुंद होता हें मला ठाऊक नव्हतें.

एक वस्तु चाकूसारखी मिटलेली होती. उघडल्यावर आंत पोथीसारखीं पोलादी पानें. त्यांची जाडी मिलिमीटरच्या शतांशांत मोजलेली. इंजिनाच्या झडपेशीं ठेवावयाची फट त्यांनीं पाहतात. पान फटींत शिरावें, पण ओढतांना थोडेंसें अडखळावें. किती अडखळावें, असें मीं मास्तरी संवयीनें विचारलें.

“ते सांगता नाही येत, गुरुजी. हातालेच समजते.”

सुश्रुतानें शल्यवैद्याचीं एकशें एक यंत्रें सांगून त्यांत हात हेंच मुख्य यंत्र मानलें आहे. हें वचन मीं किती वेळां तरी सांगितलें असेल. अमरकोशांत करपत्र, टंक, भस्त्रा हीं नांवें शूद्रवर्गांत येतात; तीं मुलांकडून मीं घोकून घेतलीं. करपत्राची करवत झाली, भस्त्रेचा भाता झाला, हेंही सांगितलें. मात्र यांपैकीं एकही वस्तु मीं कधीं हातांत धरली नव्हती, आणि जो धरीत होता तो घरच्या ओसरीवर बसून हात धूत असे.

पेटीच्या तळाशीं फडक्यांत गुंडाळलेला बोटभर लोखंडाचा तुकडा होता. तो चाकाचा तुटलेला स्टड. मिस्त्री म्हणाला, “हा आमचा पयला धडा. नवा पोरगा आला का वस्ताद त्याले पाना नाही देत. हा तुकडा देत, अन् पुसत, हा कायनं तुटला सांग.”

मीं तो ओळखला. १९७२ च्या उन्हाळ्यांत दादानें दुसऱ्या महायुद्धाच्या मोडींतून आलेली एक जुनी अमेरिकन मालमोटार रविवारीं वाड्यापुढें दुरुस्तीस आणली होती. मी तेरा वर्षांचा. डावें चाक मीच खोलणार असा हट्ट धरला. नट डावीकडे फिरवला कीं सुटतो, एवढी विद्या मजजवळ होती. सुटेना, म्हणून चाकपान्याच्या टॉमीवर लोखंडी नळी चढविली व तींवर उभा राहिलों. कडकन् आवाज झाला. अशा कांहीं जुन्या मोटारींच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरतांना नट आपोआप सैल पडूं नये म्हणून ती योजना. सोडतों असें समजून मी तो आवळीत होतों! दादा एक शब्दही बोलला नाहीं. वडिलांनीं मात्र “पोराच्या हातांत असलें कशाला दिलेंस?” म्हणून त्यालाच फैलावर घेतलें. मी शेजारींच उभा होतों. मीं तोंड उघडलें नाहीं. रात्रभर कंदिलाच्या उजेडांत भोंक पाडून त्यानें तो तुकडा काढला व सकाळीं स्नान करून तसाच कामावर गेला. त्या दिवसापासून मीं हत्यारांस हात लावला नाहीं, आणि दादालाही तो विषय पुन्हां काढावा लागला नाहीं.

“कोणीं तोडला तें सांगत असे का?” मीं विचारलें.

“सांगत तर. म्हनत, हा माह्या भावानं तोडला. तो आता मास्तर आहे, पोरं शिकवते. चुकल्याबिगर कोनी शिकत नाही.”

माझ्या शाळेंत मीं दादाचें नांव कधीं काढलें नाहीं. त्याच्या शाळेंत मात्र चाळीस वर्षें माझाच धडा पहिला होता.

इतक्यांत एक ट्रक दारांत येऊन उभा राहिला. मागचें चाक बदलावयाचें होतें. नुकताच शिकाऊ म्हणून आलेला एक मुलगा पुढें झाला. मिस्त्रीनें दादाचा चाकपाना त्याच्या हातीं दिला. मुलानें प्रथम दुसऱ्या चाकांस ओट लावली, चाक जमिनीवर असतांनाच नट थोडे सैल केले, मग जॅक चढवून आंसाखालीं लोखंडी घोडी सरकविली. जॅकच्या एकट्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरावयाचें नाहीं, हा दुकानाचा दंडक. नवें चाक बसल्यावर नट ओळीनें न आवळतां समोरासमोरचे आवळले, म्हणजे चाक एका अंगास कलत नाहीं. शेवटचा नट मिस्त्रीनें मला आवळावयास सांगितला. मीं आधीं विचारून घेतलें, “कोणत्या बाजूस?” सगळे हंसले, मीही हंसलों.

निघतांना मिस्त्री तो तुटका स्टड आठवण म्हणून मला देऊं लागला. मीं तो परत फडक्यांत गुंडाळून पेटींत ठेवविला. तो माझ्या कपाटांत पडून राहण्यापेक्षां तेथेंच कामाला यावा, हें बरें.

ज्या वाचकांच्या घरीं असा कोणी हातानें काम करणारा भाऊ, मेहुणा वा पुतण्या असेल, त्यांनीं एकदां त्याच्या कामाच्या जागीं जाऊन यावें, आणि तें तो तेथें असतांनाच जावें, एवढीच विनंति.

घरीं परतलों तों दिवेलागण झाली होती. वहिनी ओसरीवर वाट पाहत बसल्या होत्या. पेटी ठेवावयाची ती जागा रिकामी होती.

“कुठें ठेवली त्यांनीं?” वहिनींनीं विचारलें.

“आंत,” मीं सांगितलें.